पाटी उरलेली कुंडी

१

अर्बाब जमाल यांच्या अल हैलच्या बंगल्यात एक झाड मेलं आणि त्यापायी एका माळ्याची नोकरी जाणार, हे मला कळलं तेव्हा मी मस्कतच्या हमरिया भागातल्या माझ्या खोलीत फ्रिजला दोरी गुंडाळत होतो. फ्रिज खालच्या शिंप्याला देऊन टाकला होता. महिनाअखेरीला ओमानचा मुक्काम हलवून मी कायमचा देवरुखला निघणार होतो.

"मांजरेकर काका, शेवटचं एक काम करून जा," फोनवर देवेश म्हणाला. देवेश हा या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ऑफिसचा मॅनेजर. पुण्याचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न देणारा. "इन्शुरन्स क्लेम आहे. सरळ केस."

सरळ केस म्हटलं की माझी पाठ दुखायला लागते. मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. सोहार बंदरात उतरलेली कोळंबी का सडली, चॉकलेटं का वितळली, चूक यंत्राची की माणसाची, हे ठरवायचं आणि सही करायची. आयुष्यभर नासलेल्या मालाचा वास घेऊन माझं नाक बधिर झालंय. माणसांनी सांगितलेल्या हकिगतींच्या बाबतीत तर फार पूर्वीच झालं होतं.

जयवंतीला, म्हणजे बायकोला, फोन करून सांगितलं की अजून एक काम आलंय. ती "बरं" म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते. दर मे महिन्यात मी घरी जातो, तेव्हा भिंतींना नवा रंग असतो, फणसाचे गरे ताटात असतात आणि तिचं सगळं छान चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, अर्बाब जमाल गादीवर टेकून बसले होते. सत्तरीचा, उंच, थकलेला माणूस. उजव्या हाताला कागदासारखी पांढरी चिकटपट्टी. रक्त तपासायला घेतलं होतं. ती लावणारी शिवांगी त्यांच्यासमोर डाळिंबाच्या दाण्यांची वाटी ठेवत होती. ही त्यांची नर्स, त्याआधी त्यांच्या बायकोची; पस्तिशीची, सांगोल्याकडची. तिने मलाही वाटी दिली.

"घ्या काका. जबल अखदरचं आहे. आमच्याकडच्या डाळिंबाची सर नाही, पण गोड आहे."

अर्बाब माझ्याशी हिंदीत बोलले, अरबी वळणाच्या. त्यांची बायको थुरैया आजारी पडली तेव्हा तिला उपचारांसाठी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला नेलं होतं. तेलाच्या धंद्यामुळे जमाल यांचं त्या गावी जुनं जाणंयेणं. तिथे विद्यापीठाच्या शेजारी एक जुनी वनस्पतिबाग आहे. जूनमध्ये ते दोघं रोज त्या बागेत जात. एका कोपऱ्यात निळ्या खसखशीची फुलं होती. मूळची हिमालयातली, पण तिथल्या थंडीत रमलेली. आकाशाच्या रंगाची फुलं थुरैयाने जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. त्याच जातीचं एक रोप त्यांनी रीतसर कागदपत्रं करून आणलं आणि त्याच्यासाठी बंगल्यामागे थंड काचघर उभं केलं.

"दो साल फूल आया. फिर दो साल नहीं आया. अब झाड भी खलास," ते म्हणाले. "मैं उमरा को मक्का गया था, फिर भाई के पास. दयानंद छुट्टी पे गया. सब मेरा गलती, मैंने छुट्टी दिया."

"म्हणजे निष्काळजीपणा," देवेशने मला मराठीत समजावलं. "माळी पाण्याची सोय न करता गेला. तसं लिहिलंत की झालं."

"मशीन बंद पडलं असेल तर?"

"तर कंपनी पैसे देईल. पण मशीन कशाला बंद पडेल?"

अर्बाबनी डोळे मिटले. "आज ज़ोहर के बाद फैसला. तुम जो लिखेगा वो ही होगा. गलती दयानंद का है तो कॅन्सल. साथ में बॅन."

कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द; बॅन म्हणजे दोन वर्षं ओमानला परत येणं बंद. पन्नाशी उलटलेल्या माळ्यासाठी ती कायमची घरवापसी. दुपारच्या नमाजाला फार वेळ उरला नव्हता.

२

काचघराच्या दाराशी एक लोकरीची शाल खुंटीला होती. ती पांघरून मी आत गेलो. बाहेर फेब्रुवारीतही ऊन चटके देत होतं. आत महाबळेश्वरची पहाट. दगडांवर शेवाळ, नेचे, कुठल्या कुठल्या थंड देशांतली बुटकी झुडपं. आणि मधोमध, उंच ओट्यावर, एक मोठी मातीची कुंडी. तिच्यात काळी ओली माती आणि पितळेची एक पाटी. पाटीवर झाडाचं लॅटिन नाव, खाली अरबीत थुरैया. बाकी काही नाही. पान नाही, देठ नाही, काडी नाही.

"मीच पहिल्यांदा पाहिलं," देवेश हात चोळत म्हणाला. "एका पाहुण्याला फूलघर दाखवायला आणलं आणि अशी फजिती. अर्बाबना लगेच फोन लावला, दयानंदलाही लावला. म्हटलं, असशील तिथून निघ."

"त्याआधी तू आत कधी आला होतास?"

"मी? मला सायनस आहे हो. शिवाय खरं सांगू, ही खोली म्हणजे पांढरा हत्ती. दोन केबिन बसतील इथे."

म्हणजे झाड मेलं तर याचा फायदा होता. मी ते मनात ठेवलं आणि खाली वाकून शेवाळ पाहिलं. गुडघे बोलले, त्यांना बोलू दिलं.

माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट शिकायला मिळते. थंडी गेली तर आधी कोण मरतं ते बघा. मासळीच्या गाडीत सगळ्यात आधी कोळंबी जाते. इथे शेवाळ जायला हवं होतं. ओमानच्या हवेत एक दुपार काढली असती तर त्याचा पापड झाला असता. पण शेवाळ हिरवंगार, बोट ठेवलं तर बुडेल इतकं दाट. म्हणजे मशीन एकदाही बंद पडलेलं नव्हतं.

"झालं तर!" देवेश म्हणाला. "माळ्याचीच चूक."

मी उठायला आधार शोधत होतो. दाराजवळ छताला एक मातीचं पाण्याचं भांडं टांगलेलं होतं, इथल्या बहला गावचे कुंभार करतात तसं, दोरीच्या जाळीत. मॅडमच्या माहेरचं, देवेशने सांगितलं. हवेत ओलावा राहावा म्हणून कायम भरलेलं असायचं. आता ते कोरडं होतं. मी जाळी फिरवली. तोंडापासून बुडापर्यंत भांडं उभं तडकलेलं होतं.

कुणाचा धक्का लागला असता तर टवका उडाला असता, कुठेतरी ठोक्याची खूण असती. तसं काही नव्हतं. भांडं आतून उललं होतं, आणि दोरीने धरल्यामुळे जागीच राहिलं होतं. असं भांडं फुटायला आत पाण्याचा बर्फ व्हावा लागतो.

मशीन बंद पडलं नव्हतं. कुणीतरी ते मुद्दाम गोठण्याच्या खाली नेलं होतं.

३

मशीन सुफियानच्या ताब्यात होतं. राजापूरचा, तिशीतला, एसीवाला. गच्चीवर पाना घेऊन बसला होता.

"चाचा, कुल्लू तमाम, सगळं ठीक," तो म्हणाला. "दहाच्या खाली कधी काटा जातच नाही. सेटिंगच्या पेटीला कुलूप आहे, चावी माझ्या गळ्यात."

"हे युनिट कुठलं?"

"मत्र्याला माशांचं कोल्ड स्टोअर मोडलं, तिथलं. दणकट आहे."

"म्हणजे मनात आणलं तर शून्याखालीही जाईल."

"जाईल की. पण कशाला न्यायचं?"

"तेच विचारतोय. खालचं मातीचं भांडं बर्फाने फुटलंय. दहा डिग्रीला बर्फ होतो असं राजापुरात शिकवतात का?"

सुफियानने पाना खाली ठेवला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण मान समुद्राकडे वळली.

"चाचा, मी कुणाचं वाईट केलं नाही."

"मग सांगून टाक. दुपारनंतर दयानंदचं तिकीट निघेल."

"दयानंदभाऊचं?" तो दचकला. "त्याचा काय संबंध? तो तर मुलीच्या लग्नाला गेला होता!" मग स्वतःलाच आवरलं. "मला वाटलं अर्बाब दोन दिवस रागावतील आणि विसरतील. पण मी जबान दिलीय. मला नका विचारू. अल्लाची शपथ, मॅडमच्या झाडाला मी मारीन का? उन्हात काम करताना मला लिंबूपाणी आणून द्यायच्या त्या. स्वतः उठून."

त्याचं खरं वाटलं. माझी तीच पंचाईत. खोटं बोलणारा माणूस मला समजतो; खरं बोलून अर्धं गिळणारा दमवतो. एवढं मात्र कळलं की सुफियानने बटण फिरवलं, आणि फिरवायला सांगणारं दुसरंच कुणीतरी होतं.

जिना उतरताना मी विचार करत होतो. नुसत्या थंडीने झाड मारायचं असतं तर बाकीची का जगली? ती थंड देशांतली, म्हणून. पण मग हेही थंड देशातलंच. अ‍ॅबर्डीनला काय बर्फ पडत नाही?

खाली पोचलो तर दयानंद काचघराच्या मागे भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला पाहताच त्याने दोन्ही हात जोडले.

"साहेबानू, माका पकडा," तो म्हणाला. "झाड माज्याच हातान मेला."

४

मी त्याच्या शेजारी बसलो. उभं राहून असलं काही ऐकणं आता मला जमत नाही. दयानंद कुडाळचा. लग्नातली हळद अजून त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला होती.

"तीन वर्सांनी रजा गावली," तो सांगू लागला. "चेडवाचा लगीन झाला आणि दुसऱ्याच दिवशी देवेशसायबांचो फोन, आसशीत थंयसून ये. मांडवपरतणेक चेडू घराक येतला, आणि बापूस खंय? बापूस इमानात."

"झाडाचं सांग."

"ईलंय, बघलंय तर कुंडीत एक पान नाय. माती राखेसारकी सुकी. ठिबकाची नळी तर मिया स्वता लावन गेल्लंय. बाकी सगळ्या कुंड्यांत पाणी, आणि ह्येच्यातच नाय! माजो जीव उडालो. कोणाक कायेक सांगूक नाय, बालदीभर पाणी आणलंय आणि वतलंय. मगे कुंडी थंडीतसून काडून रातभर दाराभायर ठेवलंय, वायच उब गावांदेत म्हणान. कायेक उपेग नाय. मरणारा झाड मिया बुडवन मारलंय."

बादलीभर पाणी म्हणजे कुंडीतली माती ओली का होती ते कळलं. रात्रभर बाहेर म्हणजे फेब्रुवारीतली मस्कतची रात्र, फार तर गार.

"पाणी ओतण्याआधी मातीत काही वेगळं दिसलं?"

त्याने आठवून पाहिलं. "आळा. मिया आळा करतंय ता पाणी धरूक. कडेन बांध आणि मदी झाड. ह्या उलटा होता. बुंध्याकडची माती कोणीतरी बोटांनी वडून भायर काडलेली, मुळांची डोकी उगडी पडतीत अशी. आमच्याकडे असा कोण करीत नाय. झाडाक तानेला ठेवणा म्हणजे पाप."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. कोकणातला माळी माड आणि पोफळी वाढवतो. पाण्याचा पाट एक दिवस चुकला तर त्याला झोप लागत नाही. खरंच, त्याच्याकडे असं कुणी करत नाही. पण महाराष्ट्र काही कुडाळला संपत नाही. ओमानला येण्याआधी मी घाटावर फळबागांच्या विम्याची पाहणी करत हिंडलो होतो, आणि बुंध्याची माती ओढलेली, पानं गळालेली, उघड्या मुळांची झाडं मी रांगांनी पाहिली होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही बाग मेली असं लिहायला निघालो होतो. मालक पोट धरून हसला होता.

"दयानंद, कुंडीला हात लावू नकोस. पाणीही घालू नकोस."

"आता काय ऱ्हवलाहा तेच्यात?"

आत परत जाऊन मी ठिबकची बारीक नळी बोटांत धरून मागे मागे गेलो. कुंडीपासून हातभर अंतरावर ती एका जागी चपटी झालेली होती. दुमडून बांधली होती, मग सोडली होती. बांधलं होतं कशाने? दयानंद असता तर सुतळी. सुफियान असता तर प्लास्टिकचा टाय. देवेश असता तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं. मी चष्मा पुसून पाहिलं. नळीला पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा अजून चिकटून होता.

५

शिवांगी स्वयंपाकघरात अर्बाबची औषधं काढत होती. मी खुर्ची ओढली.

"पोरी, सांगोल्यात तुमची डाळिंबाची बाग आहे ना?"

"हो. वडलांची." तिने मान वर केली नाही.

"बहार धरायच्या आधी वडील काय करतात?"

गोळ्यांचं पाकीट तिच्या हातातून ओट्यावर पडलं.

"तुम्ही ओळखलंत तर," ती म्हणाली. मग घाईने, "दयानंददादांना काही होऊ देऊ नका. मी रात्रभर जागी आहे. सांगावं म्हणते आणि जीभ उचलत नाही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि तू गोळ्या मोजत बसलीस!" मला खरंच राग आला होता. "त्याला दोन वर्षांचा बॅन लागणार आहे. एक वाक्य बोलायचं होतं."

"ते एकच वाक्य बोलायचं नाही असं मी कबूल केलंय, काका. मरणाऱ्या माणसाला."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. फार दिवस न झोपलेल्या माणसाचे असतात तसे ते कोरडे होते. मी आवाज खाली आणला.

"कुणाला? मॅडमना?"

ती मानेनंच हो म्हणाली. बाहेरून दुपारची अजान सुरू झाली. मजलिसमध्ये देवेशचा आवाज आला, तिकिटाबद्दल काहीतरी. माझ्याकडे आता एवढाच वेळ होता की नमाज होईस्तोवर तिला विचार करू द्यावं.

"तू नाही बोललीस तर मी बोलेन," मी म्हटलं. "पण माझ्या तोंडून ते नुसतं नुकसानीचं कारण होईल. तुझ्या तोंडून काय होईल ते तू ठरव."

६

नमाजानंतर मी सगळ्यांना काचघरात बोलावलं. अर्बाबनी ती लोकरीची शाल पांघरली होती. देवेश दारातच नाकाला रुमाल लावून, दयानंद कोपऱ्यात, सुफियान त्याच्यामागे. शिवांगी कुंडीपाशी.

मी हिंदीत बोललो, जसं येतं तसं.

"अर्बाब, मशीन बंद पडलं नव्हतं, शेवाळ जिवंत आहे. उलट या खोलीत गोठण्याची थंडी झाली होती, ते त्या फुटलेल्या भांड्यावरून दिसतं. ती सुफियानने केली, कारण चावी त्याच्याकडे आहे. एवढं झाल्यावर फक्त याच कुंडीचं पाणी कुणीतरी तोडलं. नळी चिकटपट्टीने दुमडून बांधली होती. तशीच पट्टी तुमच्या हाताला आहे."

अर्बाबनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग शिवांगीकडे.

"पण झाड मारायचं असतं तर पाणी तोडणं पुरे होतं," मी पुढे म्हटलं. "कुणी इतक्या मायेनं बुंध्याची माती बोटांनी बाजूला करत नाही. हिच्या गावी डाळिंब लावतात. बहार यायच्या आधी झाडाचं पाणी तोडतात, माती ओढतात, पानं गळू देतात. झाड मेल्यासारखं दिसतं. ते मरत नाही, विसावा घेतं. मग पाणी दिलं की फुलांनी भरून येतं. जे झाड बारा महिने हिरवं ठेवलं, त्याला फूल येत नाही. तुमच्या झाडाला दोन वर्षं फूल आलं नाही. तुम्ही त्याला बारा महिने एकसारखी दहा डिग्रीची हवा दिलीत. त्याला हिवाळाच मिळाला नाही."

"हिवाळा?" अर्बाब म्हणाले. "जून में तो वो इतना अच्छा था."

मग शिवांगी बोलली. तिची हिंदी स्वच्छ होती.

"जूनमध्ये तुम्ही होतात. डिसेंबरात तुम्ही इथे मस्कतला होतात, अर्बाब. मॅडम मला रोज म्हणायच्या, बागेत चल. मी चाकाच्या खुर्चीतून न्यायची. बाग सगळी बर्फाखाली. नुसत्या पाट्या वर आलेल्या. त्या पाट्यांवरची नावं वाचायच्या. निळ्या फुलाच्या पाटीशी थांबून माळ्याला विचारलं, झाड कुठे गेलं? तो म्हणाला, झोपलंय, खाली आहे, उकरू नका. मी त्यांना आमच्या डाळिंबांचं सांगितलं. खूप हसल्या. म्हणाल्या, तुझ्या बापाला आणि या गोऱ्याला एकच गोष्ट ठाऊक आहे."

"मुझे कभी नहीं बोला."

"त्यांनीच सांगितलं होतं. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचात, जूनमध्ये येतो, निळी फुलं बघू म्हणायचात. फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, जमालला या हिवाळ्याचं कधी सांगू नकोस. त्याला फक्त फुलं ठाऊक आहेत, तसंच राहू दे. मी शब्द दिला. मग इथे झाड फुलायचं थांबलेलं पाहिलं. त्याला हिवाळा हवा हे तुम्हाला सांगायचं तर तो हिवाळा सांगावा लागला असता. म्हणून तुम्ही आणि दयानंददादा नसताना सुफियानच्या पाया पडले. तुम्ही परत यायच्या आत पाणी सोडून उठवायचं ठरवलं होतं. पण देवेशसर पाहुणे घेऊन आले, आणि दयानंददादा परतल्यावर मी घाईने नळी तेवढी सोडली. आणि ते उठेल की नाही, मलाही ठाऊक नाही. डाळिंबाचं कळतं मला. याचं नाही."

"पाणी मिया दिलंय," कोपऱ्यातून दयानंद पुटपुटला. "आणि उबेकय ठेवलंय."

मी त्याच्याकडे वळलो. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. घाबरून त्याने जे केलं, ते हिने करायचं ठरवलेलं पुढचं कामच होतं.

अर्बाब कुंडीपुढे गुडघ्यांवर बसले. "देखो," ते शिवांगीला म्हणाले. तिने एका बोटाने पाटीच्या बाजूची माती सारली. काही नाही. अजून थोडी. नुसती काळी माती, आणि एक खडा. देवेशने घसा खाकरला. मला वाटलं, बस्स, आता सही करायची आणि घरी जायचं.

तिचं बोट थांबलं. मातीत हरभऱ्याएवढा एक कोंब होता. तांबूस लव असलेला, घट्ट मिटलेला, आणि टोकाला किंचित हिरवा.

दयानंद मोठ्याने रडायला लागला. सुफियानने त्याच्या पाठीवर हात ठेवला. अर्बाब मात्र कोंबाकडे बघत नव्हते. ते पाटीवरच्या नावावरून बोट फिरवत होते.

"मेरे को सिर्फ जून मालूम था," ते म्हणाले. "इतने साल का शादी, और मेरे को सिर्फ जून मालूम था."

मग त्यांनी देवेशला सांगितलं की दयानंदचं तिकीट काढ. पण कॅन्सलचं नाही, जाण्यायेण्याचं. अर्धी राहिलेली रजा पुरी करून, लेक घरी येऊन जाईपर्यंत थांबून मग ये, असं दयानंदला सांगितलं. सुफियानला म्हणाले की पुढच्या डिसेंबरात पुन्हा थंडी कर, या वेळी मला विचारून. शेवटी त्यांनी दोन खुर्च्या आणि आणखी एक शाल मागवली. एका खुर्चीवर स्वतः बसले, दुसरी शिवांगीकडे सरकवली.

"बैठो. बर्फ का बोलो. पहले दिन से."

मी दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं, ती हातांनी काहीतरी दाखवत होती, एवढा बर्फ, इतकी उंच पाटी, आणि म्हातारा ऐकत होता. देवेशने विचारलं, रिपोर्टमध्ये काय लिहिणार? मी म्हटलं, नुकसान नाही असं लिहितो, तू क्लेम मागे घे. असं लिहायची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती.

परतीच्या टॅक्सीत मी डोळे मिटून बसलो. दमलो होतो, पण झोप येईना. हमरियाच्या वळणावर जयवंतीला फोन लावला.

"झालं काम?"

"झालं. जयवंती, जुलैचं सांग."

"जुलैचं काय?"

"काहीही. मी मे महिन्यातच येतो ना. जुलैत तू कशी असतेस?"

तिकडे तिने वाहता नळ बंद केल्याचं ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली, आणि मग थांबली. "बरं नसते. गेल्या जुलैत न्हाणीचं छप्पर उडालं होतं. पाय घसरून मी तिथेच पडले, सकाळपर्यंत कुणी आलं नाही. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही तिथे जेवला नसतात. आत्ता सांगू का सगळं? तुम्हाला वेळ आहे?"

टॅक्सी माझ्या दारापाशी उभी होती. मी ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली.

"आहे," मी म्हटलं. "सांग."